विटेचं घनफळ

आमच्या शाळेत पाणी सांडणं हा गुन्हा आहे. फरशी गुळगुळीत, जिने उभे, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा घसरून पडल्या तेव्हा त्यांचा हात बरेच दिवस गळ्यात होता. तेव्हापासून व्हरांड्यात पाण्याचा थेंब दिसला की त्या आधी थेंबाकडे बघतात, मग माझ्याकडे. थेंब बहुतेक वेळा माझ्याच वर्गातून आलेला असतो, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.

मी चौथीला गणित शिकवते. पुस्तकात घनफळाच्या धड्याला एक चित्र आहे. एक खोका, त्याला तीन बाण, लांबी, रुंदी, उंची, आणि खाली चौकटीत सूत्र. मुलं सूत्र पाठ करतात, तीन आकडे गुणतात, उत्तराला घन सेंटीमीटरचं शेपूट लावतात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन मोकळी होतात. मग त्याच मुलांना विचारा, या उभ्या बरणीतलं पाणी त्या बसक्या पातेल्यात ओतलं तर तेवढंच राहील का? निम्मा वर्ग छातीठोकपणे सांगतो, कमी होईल. माझं डोकं फिरतं ते इथे. गुणाकार येणं म्हणजे घनफळ कळणं नव्हे, हे मी शिक्षकांच्या बैठकीत दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी माझं बोलून झालं की कोणीतरी चहा आलाय का ते बघायला उठतं.

म्हणून मी सूत्र फळ्यावर लिहीतच नाही. आधी लाकडाचे बारके ठोकळे, एकेक सेंटीमीटरचे. खोक्याच्या तळाला ते एकाला एक लावून बसवायचे, एक थर झाला की त्यावर दुसरा, आणि खोका भरेपर्यंत तोंडानं मोजत राहायचं. तिसऱ्या थराला कोणीतरी कंटाळून म्हणतंच, "बाई, प्रत्येक थर सारखाच आहे, मग एकच मोजून गुणलं तर?" त्या क्षणासाठी मी वर्षभर जगते. सूत्र मुलांनी आळसातून शोधलं की ते त्यांचं होतं.

मग काठ्या आणि दोरी घेऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा पिंजरा बांधायचा. आत किती मुलं मावतील, असं विचारलं की सगळे म्हणतात, चार. यंदा दहा जण आत शिरले, अकरावा अर्धा बाहेर लटकत होता आणि त्याला मोजायचं की नाही यावरून भांडण जुंपलं. आणि शेवटी पाणी. बरण्या, पातेली, मोजपात्रं, परात, काठोकाठ भरलेला डबा, त्यात सोडलेली वस्तू आणि बाहेर सांडलेलं पाणी. वस्तूनं जेवढी जागा घेतली तेवढंच पाणी बाहेर आलं. हे पुस्तकातही लिहिलंय, पण सांडलेलं पाणी स्वतः मोजलं की ते अंगात भिनतं.

या सगळ्याची झळ घरी सासूबाईंना बसते. "अगं, मोठं पातेलं कुठेय?" "शाळेत." "आणि ते दुसरं?" "तेही." एकदा त्या म्हणाल्या, "तुझी शाळा आहे की लग्नघर?" पण तांदळाचा उंच डबा मी मागितला तेव्हा त्यांनी तांदूळ पिशवीत ओतून डबा मुकाट्यानं पुसून दिला. वर फक्त एवढंच म्हणाल्या, "पोचे पाडू नकोस." माणूस बोलतं त्यापेक्षा पुष्कळ बरं असतं.

आता शंकीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

शंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती प्रत्येक गोष्टीवर "पण कशावरून?" असं विचारते म्हणून मुलांनी तिला ते चिकटवलं, आणि तिनं ते कपाळाला आठी न घालता घेतलं. हातपाय काटकुळे, आवाज घोगरा, आणि नजर अशी की आपण काहीतरी चुकीचं बोललो असं समोरच्याला उगाचच वाटावं. सहामाहीच्या पेपरात पहिला प्रश्न होता, अमुक लांबीरुंदीच्या टाकीत किती पाणी मावेल. सगळ्यांनी तीन आकडे गुणले. शंकीनं लिहिलं, "मापं बाहेरून घेतली आहेत का आतून? टाकीची भिंत किती जाड आहे ते दिलेलं नाही." आणि ते कोणीतरी सांगेल याची वाट बघत ती तास संपेपर्यंत बसून राहिली. पुढचे सगळे प्रश्न कोरे.

तो पेपर तपासताना मी आधी हसले आणि मग कपाळावर हात मारून घेतला. मुलगी बरोबर होती आणि मला तिला शून्य द्यावं लागत होतं. याआधीच्या चाचणीतही तिनं असाच घोळ घातला होता.

आमच्याकडे एक नियम आहे. गणितात दोनदा नापास झालेलं मूल वर्षाच्या मध्यावर एक वर्ग खाली पाठवतात, पाया पक्का व्हावा म्हणून. शंकीला तिसरीत पाठवायचं ठरलं. आणि तिसरीत तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

तिची आई मला शाळेच्या फाटकाशी भेटली. शिवणाच्या कारखान्यात कपड्यांना बटणं लावायचं काम ती करते. कामावरून तशीच आली होती, बोटात अजून शिवणाचं टोपण होतं.

"बाई, घरी धाकटा आत्तापासूनच चिडवतोय," ती म्हणाली. "म्हणतो, तू माझ्या बाकावर बसणार, मी तुला पाढे शिकवणार. ती काही बोलत नाही. पण जेवताना ताटाकडे बघत बसते."

"मी बोलते मोठ्या बाईंशी," मी म्हटलं.

"मी तिला सांगते हो रोज. बाई विचारतील त्याला जे उत्तर पाहिजे असेल ते लिही आणि मोकळी हो. तुझे प्रश्न घरी आल्यावर मला विचार. मला नाही यायची उत्तरं, पण मी ऐकून तरी घेईन." तिनं बोटातलं टोपण काढून मुठीत धरलं. "एकदा ती खाली गेली ना बाई, की परत वर नाही यायची. मी ओळखते तिला. ती विचारायचंच बंद करेल."

मला राग चटकन येतो आणि उतरतोही चटकन, पण त्या दिवशीचा उतरलाच नाही. मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. शाळा त्यांनी उभी केली, गळक्या छताची दुरुस्ती पदराला खार लावून करून घेतली, आणि नियम सगळ्यांना सारखा यावर त्यांची श्रद्धा आहे. एकाला सूट दिली की उद्या दारात रांग लागते, हेही त्यांचं खरंच आहे.

"तिला गणित येतं," मी म्हटलं.

"पेपर काय म्हणतो?"

"पेपर म्हणतो की तिला लिहिता येत नाही. मी म्हणते की तिला विचार करता येतो."

"बाई, विचार करता येणारी मुलं मला सगळ्याच वर्गात हवी आहेत, तिसरीतसुद्धा." त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी जागची हलले नाही, हे बघून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुमचे घनफळाचे पाण्याचे प्रयोग होऊ देत. मी स्वतः येऊन बसते. तिनं एक वस्तू घ्यावी, पट्टीनं मोजून घनफळ काढावं, मग पाण्यात टाकून काढावं. दोन्ही उत्तरं जुळावीत. फळ्यावर मांडावं आणि तासाच्या आत पुरं करावं. अर्धवट सोडायची नाही. तेवढं केलं तर राहील चौथीत."

"आणि पाणी सांडलं तर?"

"सांडायचंच आहे ना? परातीत सांडा."

मी शंकीला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलांना ती लगेच कळते. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही उत्तरं सारखी आली की मी पास?" मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "पण सारखी आलीच नाहीत तर?" मी म्हटलं, "येतात. वस्तू एकच आहे, जागा एकच आहे, मग उत्तर वेगळं कसं येईल?" या माझ्या वाक्याची मला पुढे चांगलीच किंमत मोजावी लागली.

आम्ही लोखंडाच्या एका ठोकळ्यावर सराव केला. तो कागदांवर ठेवायचा वजनदार ठोकळा होता, कडा सरळ, कोपरे धारदार. दोरीनं बांधून हळूच सोडायचा, पाणी हिंदकळू द्यायचं नाही, सांडणारं थांबेपर्यंत वाट बघायची, परातीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आणि डोळा पाण्याच्या रेषेशी आणून वाचायचं. शंकीचा हात यात विलक्षण स्थिर होता. पेपरात अडकणारी मुलगी इथे अडकत नव्हती, कारण इथे तिला शंका आली तर ती पुन्हा मोजू शकत होती. दोन्ही उत्तरं दर वेळी जवळजवळ जुळायची आणि दर वेळी ती जराशी नाराज व्हायची, जणू आता विचारायला काही उरलं नाही.

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी वर्ग अगदी चिडीचूप होता. त्या मागच्या बाकावर बसल्या, चष्मा लावला आणि टेबलावरच्या लोखंडी ठोकळ्याकडे बोट केलं. "ही वस्तू तिनं आधी मोजली आहे?"

खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. "मोजली आहे."

"मग दुसरी द्या."

खिडकीच्या फळीवर मुलांनी घरून आणलेल्या वस्तू मांडल्या होत्या. साबणाची वडी, ती पाण्यात विरघळली असती. लाकडाचा ठोकळा, तो तरंगला असता. पुठ्ठ्याची डबी, तिचा लगदा झाला असता. आणि एका मुलाच्या घरी भिंतीचं काम चाललं होतं म्हणून त्यानं आणलेली वीट. सरळ, जड, बुडणारी. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले, वीट उचलली आणि हसत हसत शंकीच्या हातात दिली. बुडेल का, फुटेल का, विरघळेल का, डब्यात मावेल का, सगळ्याचा विचार मी केला होता. एका गोष्टीचा सोडून.

शंकीनं पट्टी लावली. वीस सेंटीमीटर, दहा, सात. फळ्यावर गुणाकार मांडला. चौदाशे घन सेंटीमीटर. मोठ्या बाईंनी मान हलवली. मग सासूबाईंचा डबा परातीत ठेवून तिनं तो काठोकाठ भरला, वरून चमच्यानं थेंब थेंब घालून, पाणी काठावर फुगेपर्यंत. परातीत सांडलेलं फडक्यानं टिपून घेतलं. विटेला दोरी बांधली आणि मी शिकवलं होतं तशी ती हळू, अगदी हळू आत सोडली.

पाणी डब्यावरून ओघळायला लागलं. आणि वीट बोलायला लागली. बारीक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज, आणि तिच्या अंगातून बुडबुड्यांच्या माळा वर यायला लागल्या. मुलं बाकांवरून उठून बघायला लागली. शंकीचं लक्ष हातातल्या दोरीवर होतं. वीट तळाला टेकली, सांडायचं थांबलं, तिनं डबा बाजूला ठेवला आणि परातीतलं पाणी मोजपात्रात ओतायला घेतलं. पात्र एका लीटरचं. एकदा भरलं, दुसऱ्यांदा अर्ध्याहूनही कमी. ती गुडघ्यांवर बसली, डोळा रेषेशी आणला. मग उठली, आणि पुन्हा बसली.

"बाराशे नव्वद," ती म्हणाली.

चौदाशेच्या जागी बाराशे नव्वद. कुठे चुकलं? परात गळकी होती का? डबा काठोकाठ भरला नव्हता का? मी स्वतः बघितलं होतं, भरला होता. आणि मग मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "शंके, नीट वाच. चौदाशेच्या जवळपास काही दिसतंय का?"

तिला माझं म्हणणं कळलं. वर्गातल्या सगळ्यांना कळलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर चक्क कुजबुजली, "चौदाशे लिही ना." खडू शंकीच्या हातात होता, फळा समोर होता. चार आकडे लिहायचे, एवढंच काम होतं. त्या चार आकड्यांनी ती तिच्या वर्गात राहिली असती, भावाच्या बाकावर गेली नसती, आईला रात्री झोप लागली असती. ती फळ्याशी गेली आणि लिहिलं, बाराशे नव्वद. त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि आमच्याकडे वळली.

"जुळत नाही," ती म्हणाली. "का?"

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. "का ते तू सांगायचं आहेस."

शंकी डब्याकडे गेली, वाकली आणि थांबली. "बाई, इथे बघा. डबा काठोकाठ होता ना? आता नाही."

खरंच नव्हता. पाणी काठापासून अर्धं नख खाली उतरलं होतं, आणि बाजूला ठेवल्यापासून डब्याला कोणी हात लावलेला नव्हता. बुडबुडे अजून येतच होते. मी बघत राहिले आणि मला काहीच सुचेना. इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, पण लोखंड, काच, दगड असंच काहीतरी वापरत आले. पाण्यात टाकलेली वस्तू पाण्याला जागेवरून हलवते, एवढंच मी धरून चालले होते. वस्तू पाण्याला आपल्यात घेते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

नेमकी तेव्हा घंटा झाली.

मोठ्या बाई उठल्या. "उत्तरं जुळली नाहीत, कारण सांगता आलं नाही, तास संपला. मला वाईट वाटतं, बाई. पण आपलं जे ठरलं होतं..."

"मग मलाही तिसरीत पाठवा," मी म्हटलं.

"काय?"

"कारण मलाही सांगता आलं नाही. वीट मी निवडली. उत्तरं जुळतात असं मीच तिला सांगितलं होतं. ती एकटीच खाली गेली आणि मी वर राहिले तर तुमचा नियम सगळ्यांना सारखा कसा?" माझा आवाज चढला होता, आणि मुलांसमोर मोठ्या बाईंशी असं बोलू नये हे मला कळत होतं. पण मागे फिरायची वेळ टळून गेली होती. "आणि तिनं आत्ता काय केलं ते तुम्ही बघितलंत. मी तिला चौदाशे लिहायला सुचवलं. तिनं लिहिलं नाही. माझ्या वर्गात मला अशीच मुलं हवी आहेत, आणि ती मी सोडणार नाही. तास संपलाय, पाठ संपलेला नाही."

"चिडू नका, बाई," मोठ्या बाई म्हणाल्या. पण त्यांची पावलं दारात थबकली, कारण शंकी बोलत होती. ती आमच्यापैकी कोणाशीच बोलत नव्हती, विटेशी बोलत असावी तशी डब्यावर वाकली होती.

"ही पाणी पितेय. म्हणून कमी सांडलं. जेवढं प्यायली तेवढं सांडलंच नाही." तिनं मान वर केली. "बाई, हिचं पोट भरू दे. मग पुन्हा मोजू."

मला तिला कडेवर घ्यावंसं वाटलं. इतकं सोपं, आणि मला सुचलं नव्हतं.

मोठ्या बाई निघून गेल्या. मधली सुट्टी झाली. कोणी मैदानात गेलं नाही. मुलं डब्याभोवती दाटीवाटीनं बसली, काहींनी तिथेच खाऊन घेतलं, आणि बुडबुडे मोजायची चढाओढ लागली. हळूहळू माळांचे सुटे बुडबुडे झाले, मग खूप वेळानं एखादा. शंकी काही खात नव्हती. मी तिच्या हातात माझ्या डब्यातली पोळी कोंबली. "वीट जेवली, तूही जेव," मी म्हटलं. तिनं चावता चावता विचारलं, "बाई, पोट भरलं हे कशावरून कळणार?" मी म्हटलं, "तूच सांग." ती म्हणाली, "डब्यातलं पाणी उतरायचं थांबलं की." आणि तिनं पाण्याच्या पातळीशी डब्याला आतून चिकटपट्टीचा तुकडा लावला.

पाणी चिकटपट्टीशी थांबलं. बराच वेळ थांबलं. तेव्हा शंकीनं वीट बाहेर काढली, अंगावरचं निथळू दिलं, डबा पुन्हा परातीत ठेवून काठोकाठ भरला, शेवटचे थेंब चमच्यानं, आणि परात पुसली. सुट्टी संपल्याची घंटा झाली होती. मी मोठ्या बाईंना बोलवायला निघाले, तर ती म्हणाली, "मी जाते."

नंतर शिपायानं मला सांगितलं ते असं. मोठ्या बाईंच्या दाराशी ओल्या हातांची मुलगी उभी राहिली. व्हरांडाभर पाण्याचे थेंब. मोठ्या बाईंनी थेंबांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती म्हणाली, "वीट तयार आहे. तुम्ही या." आणि उत्तराची वाट न बघता परत वळली. तिच्या मागून मोठ्या बाई आल्या, भिंतीच्या कडेकडेनं, पाय जपून टाकत.

वर्गात आल्यावर शंकीनं त्यांच्या हातात दोरी दिली. "तुम्हीच सोडा," ती म्हणाली. "मी सोडली तर तुम्ही म्हणाल, कशावरून."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाही वर सारली आणि ओली वीट सावकाश डब्यात सोडली. या वेळी वीट गप्प होती. एकही बुडबुडा नाही. पाणी डब्याच्या चारही अंगांनी सरळ खाली आलं आणि परातीत भरत गेलं, आणि थांबल्यावर डबा काठोकाठचा काठोकाठच राहिला.

शंकीनं मोजपात्र भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. गुडघ्यांवर बसली. सगळा वर्ग तिच्या खांद्यांवरून वाकला होता आणि मी, खरं सांगते, डोळे मिटून घेतले होते.

"तेराशे ऐंशी," ती म्हणाली.

"चौदाशेच धर," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. त्यांना आता तिला पास करायचं होतं, हे मला कळलं. "एवढं चालतं. लिही चौदाशे, म्हणजे जुळलं."

"पण तेराशे ऐंशीच आहेत."

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला. आणि मग ज्या बाईंना मी इतक्या वर्षांत कधी जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं, त्या टेबलाचा कोपरा धरून ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. डोळा रेषेशी आणला. खूप वेळ बघितलं.

"तेराशे ऐंशीच आहेत," त्या म्हणाल्या. मग तशाच बसून त्यांनी विचारलं, "मग उरलेले वीस गेले कुठे?"

शंकीनं वीट बाहेर काढून उलटीपालटी केली. एका बाजूचा कोपरा उडालेला होता. तिनं त्या खाचेत अंगठा घालून बघितला. "इथे गेले असतील. पट्टी लावली तेव्हा हा कोपरा आहे असंच धरलं मी. पण हा वीसचाच आहे कशावरून? तो मातीनं भरायला लागेल, आणि मग ती माती मोजायला लागेल." ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "आता तास संपेल."

मोठ्या बाई उठल्या. त्यांचे गुडघे ओले झाले होते आणि त्या तिकडे बघतही नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "उद्या या वर्गाचा पहिला तास कशाचा?"

"गणिताचा," मी म्हटलं.

"मग उद्या पहिल्या तासाला तो कोपरा मोजा. मी येईन." दाराशी जाऊन त्या वळल्या आणि शंकीला म्हणाल्या, "वेळेवर ये. जागेवर बस. तुझ्या रोजच्याच."

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि नाक पुसलं. मुलांना वाटलं मी फळा पुसतेय. वर्गात एकच गलका झाला, आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई फाटकाशी उभी होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. शंकी दिसताच ती पुढे आली. "जमलं का गं? आलं का उत्तर?"

"नाही," शंकी म्हणाली.

आईनं फाटकाचा गज धरला. मी घाईघाईनं बोलायला गेले, पण शंकी माझ्या आधी बोलली.

"वीस कमी पडले. कोपरा तुटलाय विटेचा. तो उद्या मातीनं भरून मोजायचाय, चौथीत, पहिल्या तासाला. मोठ्या बाई पण येणार आहेत."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी होकाराची मान हलवली. तिनं गज सोडला, हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले, आणि मुलीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दोघी चार पावलं गेल्या असतील, तेवढ्यात आई थांबली.

"माती किती लागेल?" तिनं विचारलं.

"तेच तर मोजायचंय," शंकी म्हणाली.